लेखामानकांचा मसुदा सर्वांसाठी खुला, पण उत्तर कोण देते?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आंतरराष्ट्रीय लेखामानकांविषयी, म्हणजे कंपन्यांनी आपले हिशेब कसे मांडावेत याच्या नियमांविषयी, वृत्तपत्रांतून जे लिहिले जाते, ते नवे मानक काय सांगते आणि कंपन्यांच्या नफ्यावर त्याचा काय परिणाम होईल, एवढ्यावर बहुधा थांबते. ते मानक तयार होत असताना कोणकोणत्या देशांतून त्यावर मत मांडले गेले आणि कुठून एक अक्षरही आले नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. लंडनमधील आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाची मानके आज १४० हून अधिक देशांत व प्रदेशांत शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या सर्व किंवा बहुतेक कंपन्यांना बंधनकारक आहेत. कर्ज देणारी बँक, निवृत्तिवेतनाचा निधी गुंतवणारी संस्था, लाभांशाची वाट पाहणारा सामान्य भागधारक, या सर्वांना कंपनीचा जो नफा दिसतो तो या मानकांनी ठरवलेल्या रीतीनेच मोजलेला असतो. म्हणून हा प्रश्न लेखापालांच्या वर्तुळाबाहेरही विचारला जावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मंडळाची कार्यपद्धती कागदावर अत्यंत खुली आहे, हे श्रेय त्याला आधीच देऊन टाकतो. एखादा मोठा विषय हाती घेतला की बहुधा आधी चर्चापत्र आणि मग अभिप्रायासाठी मसुदा प्रसिद्ध होतो. मसुद्यावर मत देण्यासाठी सर्वसाधारणपणे १२० दिवस मिळतात आणि जगातील कोणतीही व्यक्ती वा संस्था पत्र पाठवू शकते. आलेली पत्रे संकेतस्थळावर जाहीर होतात, मंडळाच्या बैठका कोणालाही पाहता येतात, आणि अंतिम मानकासोबत त्यामागची कारणमीमांसा प्रसिद्ध करून प्रमुख आक्षेपांना उत्तर द्यावे लागते. कित्येक देशांच्या संसदीय समित्याही इतक्या मोकळेपणाने काम करत नाहीत. तरीही दार उघडे आहे एवढ्यावरून सर्वांना आत येणे सारखेच सोपे आहे असे ठरत नाही, आणि माझे सगळे म्हणणे याच एका मुद्द्याभोवती आहे: कोणत्या देशातून किती पत्रे आली यावरून त्या देशाला त्या विषयाची किती फिकीर आहे हे कळत नाही. त्या देशात लेखाविषयक नियम करण्याची रीत काय आहे, एवढेच त्यावरून बहुतांशी कळते.

आकडे पाहू. भाडेपट्ट्यांविषयीच्या २०१० च्या मसुद्यावर ७८० हून अधिक पत्रे आली, आणि त्याच वर्षीच्या महसूलविषयक मसुद्यावर जवळपास एक हजार. याउलट लहान व मध्यम उद्योगांसाठीच्या मानकाचा मसुदा २००७ मध्ये निघाला तेव्हा १६२ पत्रे आली. वास्तविक जगातल्या कोणत्याही देशात कंपन्यांच्या एकूण संख्येत लहान कंपन्यांचाच वाटा सर्वांत मोठा असतो. पण पत्र लिहायला लागणारा जाणकार मनुष्य, वेळ आणि पैसा त्यांच्याकडे नसतो. मोठ्या सूचिबद्ध कंपन्या, बँका व विमा कंपन्यांच्या संघटना, चार मोठ्या लेखापरीक्षण संस्था आणि निरनिराळ्या देशांची मानकमंडळे यांच्याकडे तो असतो. ज्या गुंतवणूकदारांसाठी ही सारी खटपट चाललेली असते ते तर पत्रलेखकांत फारच थोडे दिसतात, कारण मानक बदलल्याने एखाद्या बँकेचा नफा एकदम हलतो, तर गुंतवणूकदाराचा फायदा हजारो लोकांत वाटला जाऊन कोणालाच पत्र लिहिण्याइतका मोठा वाटत नाही. या विषमतेवर देशादेशांतील विषमतेची आणखी एक घडी पडते. उत्तर अमेरिका, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलिया इथून पत्रे भरपूर येतात. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील बहुतेक देशांतून फार कमी येतात.

याचे मूळ त्या त्या देशाच्या इतिहासात आहे. अमेरिकेत १९७३ पासून लेखामानके एक स्वतंत्र, खासगी मंडळ ठरवते. आणि त्याच्याही आधी, १९४६ च्या एका कायद्याने, केंद्रीय प्रशासनाने कोणताही महत्त्वाचा नियम करण्यापूर्वी तो जाहीर करून लोकांची मते मागवावीत अशी पद्धत घालून दिली होती. तिथल्या कंपनीच्या वित्त विभागाला मसुदा निघाला की पत्र लिहायचे हे शिकवावे लागत नाही. लेखाविषयक वाद तिथे भर चौकात होतात. कर्मचाऱ्यांना दिलेले समभाग-विकल्प (कंपनीचे समभाग ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क) खर्च म्हणून दाखवावेत या प्रस्तावाविरुद्ध १९९४ मध्ये तिथल्या सिनेटने ८८ विरुद्ध ९ मतांनी ठराव केला आणि मंडळाला माघार घ्यावी लागली. तो ठराव मला पटत नाही, पण लेखामानक हा जाहीर भांडणाचा विषय असू शकतो ही सवय त्यातून दिसते. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही मसुदा, अभिप्राय, पुनर्विचार हा क्रम अनेक दशके रुळलेला आहे. आंतरराष्ट्रीय मंडळाने आपली कार्यपद्धती प्रामुख्याने याच घराण्यातून उचलली, त्यामुळे या देशांतील लोकांना तिथे पाहुण्यासारखे वाटत नाही.

जर्मनीत हिशेबाचे नियम वाणिज्य संहितेत होते, फ्रान्समध्ये राष्ट्रीय लेखा आराखड्यात, आणि दोन्हीकडे त्यांची करआकारणीशी घट्ट गाठ होती. नियम बदलायचा तर कायदा बदलायचा, आणि त्यासाठी उद्योगसंघटनेमार्फत मंत्रालयाशी बोलायचे, अशी तिथली रीत. अशा देशातील कंपनीने परदेशी शहरातील एका खासगी संस्थेला पत्र लिहून आपले म्हणणे मांडावे, ही कल्पनाच मुळात त्या व्यवस्थेला परकी होती. म्हणून तिथले लोक गप्प बसले का? मुळीच नाही. जुलै २००३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष जाक शिराक यांनी युरोपीय आयोगाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी यांना पत्र लिहून वित्तीय साधनांविषयीच्या (कर्जे, रोखे, समभाग वगैरेंविषयीच्या) मानकाबद्दल चिंता कळवली, आणि पुढच्या वर्षी युरोपीय संघाने ते मानक स्वीकारताना त्यातील काही तरतुदी वगळल्या. अभिप्राय-पत्रांच्या मोजदादीत राष्ट्राध्यक्षांचे हे पत्र कुठेच धरले जात नाही. परिणामाच्या दृष्टीने मात्र ते शेकडो पत्रांना भारी पडले, असे म्हणायला हरकत नाही.

या फरकांचे स्पष्टीकरण संस्कृतीत शोधण्याची एक परंपरा अभ्यासकांत आहे. डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ खेर्त हॉफस्टेड यांनी सत्तेविषयीचा आदर, व्यक्तिवाद, अनिश्चिततेची भीती अशा निकषांवर राष्ट्रांची तुलना केली, आणि १९८८ मध्ये लेखाशास्त्राचे अभ्यासक ग्रे यांनी तोच धागा लेखाशास्त्रात आणून गोपनीयता विरुद्ध पारदर्शकता, व्यावसायिक स्वायत्तता विरुद्ध कायद्याचे नियंत्रण अशा जोड्या मांडल्या. या मांडणीत तथ्य नाही असे नाही, परंतु तिच्यावर फार भार टाकणे मला धोक्याचे वाटते. जपानचे उदाहरण घ्या. तिथे २००१ पर्यंत मानके सरकारच्या सल्लागार परिषदेत ठरत होती. त्या वर्षी खासगी क्षेत्रातील स्वतंत्र लेखामानक मंडळ स्थापन झाले, आणि आज आंतरराष्ट्रीय मसुद्यांवर नियमाने व तपशिलात लिहिणाऱ्यांत जपानचे नाव घ्यावे लागते. जर्मनीतही १९९८ मध्ये तशी समिती निघाली आणि २००५ पासून युरोपीय संघातील सूचिबद्ध कंपन्यांच्या एकत्रित हिशेबांना ही मानके सक्तीची झाली, तसा तिथला सहभाग वाढला. जपानी किंवा जर्मन माणसाचा स्वभाव त्या चार-सहा वर्षांत बदलला नव्हता. मत कुठे आणि कसे द्यायचे याची सोय झाली होती, आणि मत न देण्याची किंमत वाढली होती.

पत्रांची संख्या आणखी एका कारणाने फसवते. ब्रिटन-अमेरिकेत प्रत्येक कंपनी आपापले पत्र लिहिते; फ्रान्समध्ये उद्योगसंघटना अनेकदा एकत्र सही करून एकच पत्र पाठवतात; जपानमध्ये केइदानरेन या महासंघाच्या एका पत्रामागे कितीतरी कंपन्यांची आधी झालेली चर्चा असते. चीनमध्ये मानके अर्थ मंत्रालय ठरवते, त्यामुळे तिथला आवाज प्रामुख्याने एकाच ठिकाणाहून येतो. पत्रे मोजून बाजू ठरवायची तर एकमत करून लिहिणारे देश आपोआप हरतात. मंडळाचे म्हणणे असे की आम्ही पत्रे मोजत नाही, युक्तिवाद तोलतो. तसे असेलही, परंतु एकच आक्षेप दीडशे पत्रांत वाचल्यावर तो अधिक वजनदार भासू नये, अशी अपेक्षा कोणत्याही माणसाकडून करता येणार नाही.

भाषेचा अडसर उघड आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. मसुदा इंग्रजीत येतो, शेकडो पानांचा असतो, आणि घड्याळ सर्वांसाठी एकाच दिवशी सुरू होते. ज्या देशाला आधी तो समजून घ्यायचा, मग आपल्या भाषेत सारांश करायचा, मग उद्योगांशी बोलायचे आणि शेवटी पुन्हा इंग्रजीत उत्तर लिहायचे आहे, त्याच्यासाठी १२० दिवसांपैकी विचाराला फार थोडे उरतात. लहान उद्योगांच्या त्या मानकाचा मसुदा पाच भाषांत प्रसिद्ध केला गेला होता, आणि मंडळाच्या इतिहासात असे प्रथमच घडले होते. त्याच वेळी २० देशांतील ११६ लहान कंपन्यांकडून तो प्रत्यक्ष वापरून पाहण्यात आला. मला हा प्रयोग १६२ पत्रांहून मोलाचा वाटतो, कारण ज्याला पत्र लिहिता येत नाही त्याच्याकडे तिथे मंडळ स्वतः गेले.

आवाज पोहोचला नाही तर काय होते, हे मलेशियाच्या पाम लागवडीने चांगले दाखवून दिले. २००० साली आलेल्या शेतीविषयक आयएएस ४१ या मानकाने सर्व जैविक मालमत्ता, म्हणजे शेतीतील जिवंत झाडे व जनावरे, दर ताळेबंदाच्या दिवशी वाजवी मूल्याने, म्हणजे त्या दिवशी बाजारात जी किंमत येईल तिने, मोजाव्यात आणि मूल्यातील चढउतार नफा-तोट्यात घ्यावा, असे सांगितले. वाढत्या गुरांसाठी किंवा तोडायच्या लाकडासाठी हे समजण्यासारखे आहे. पण तेलाचा पाम, रबर, चहा अशी झाडे वर्षानुवर्षे पीक देतात आणि ती स्वतः सहसा विकली जात नाहीत. पूर्ण वाढ झाल्यावर त्यांचे काम कारखान्यातील यंत्रासारखेच असते. अशा झाडांना बाजारभाव नसतोच, म्हणून भविष्यातील पिकाचा, दराचा आणि व्याजाचा अंदाज बांधून किंमत काढायची, आणि त्या अंदाजातला बदल नफा म्हणून दाखवायचा. मलेशियाने २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानके स्वीकारताना या क्षेत्रातील कंपन्यांना थांबण्याची मुभा दिली, आणि त्याचबरोबर तिथल्या मंडळाने आपले म्हणणे आशिया-ओशिनिया मानककर्त्यांच्या गटामार्फत लंडनला नेटाने मांडले. जून २०१३ मध्ये मसुदा आला, जून २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, आणि १ जानेवारी २०१६ पासून अशा झाडांना यंत्रसामग्रीसारखे मोजले जाऊ लागले. त्यांना लागलेले फळ किंवा पीक मात्र वाजवी मूल्यानेच राहिले.

झाडे २००० मध्येही होती आणि अडचणही तीच होती. तेव्हा नव्हता तो शेजारी देशांना एकत्र बसवून एक मुद्दा मांडणारा गट, जो २००९ मध्ये स्थापन झाला. लॅटिन अमेरिकेत २०११ मध्ये तसाच गट निघाला, आणि २०१३ पासून राष्ट्रीय व प्रादेशिक मानककर्त्यांचा एक सल्लागार मंच खुद्द आंतरराष्ट्रीय मंडळाबरोबर बसतो. चीनने तर वेगळीच वाट धरली. एकाच मालकाच्या कंपन्यांना लेखाशास्त्रात संबंधित पक्ष म्हणतात. सरकारी मालकीच्या सर्व कंपन्या एकमेकींच्या संबंधित पक्ष मानल्या, तर सरकारी वीज कंपनीकडून घेतलेली वीज आणि सरकारी बँकेकडून घेतलेले कर्ज, सगळेच व्यवहार संबंधित पक्षांचे म्हणून जाहीर करण्याची पाळी येते. २००५ च्या संयुक्त निवेदनात चीनने हा विषय थेट मांडला आणि २००९ मध्ये मानकात सरकारशी संबंधित संस्थांना अशी माहिती जाहीर करण्याबाबत सवलत आली. दोन्ही उदाहरणांत मुद्दा रास्त होता असे माझे मत आहे. पण दोन्हीकडे मुद्द्यामागे एक समर्थ राष्ट्रीय संस्था उभी होती, हेही विसरता येत नाही. ज्या देशाकडे मोठे मंत्रालय नाही आणि मसुदे वाचणारे पूर्णवेळ कर्मचारीही नाहीत, त्याच्या रास्त मुद्द्याचे काय?

इथे एक विरोधाभास आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. मानक आपल्या देशात आणताना त्यात बदल करण्याचा अधिकार ज्यांनी राखून ठेवला आहे, त्यांना आधी भांडण्याची तितकीशी गरज नसते. भारतात मानके केंद्र सरकार अधिसूचित करते. २०१५ मध्ये अधिसूचित झालेल्या इंड एएसमध्ये (आंतरराष्ट्रीय मानकांवर आधारलेल्या भारतीय लेखामानकांत) परकीय चलनातील परिवर्तनीय (समभागांत बदलता येणाऱ्या) रोख्यांसारख्या विषयांवर मूळ मानकापासून फारकत घेतली आहे, आणि बँकांना ती मानके लागू करणे रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये पुढील सूचनेपर्यंत लांबणीवर टाकले. युरोपीय संघाकडे असा अधिकार आहे, आणि शिवाय त्याची सल्लागार संस्था आपल्या अभिप्रायाचा मसुदा आधी जाहीर करून त्यावर युरोपभरातून मते मागवते, म्हणजे त्याचे दोन्ही हात मोकळे आहेत. अमेरिका आपल्या कंपन्यांना ही मानके लावतच नाही, तरी तिथून येणाऱ्या पत्रांचा ओघ मोठा असतो. सर्वांत बांधलेले कोण? जे लहान देश मानक जसेच्या तसे, पुढच्या सर्व दुरुस्त्यांसह, कायद्याने स्वीकारतात ते. मत देण्याची गरज त्यांना सर्वाधिक आहे आणि मत देण्याची साधने सर्वांत कमी आहेत.

खुल्या प्रक्रियेचा भरवसा किती धरावा, याचे उत्तर ऑक्टोबर २००८ मध्ये मिळाले. वित्तीय संकटात युरोपीय बँका अडचणीत असताना, काही वित्तीय मालमत्ता वाजवी मूल्याच्या वर्गातून बाहेर काढू देणारी, म्हणजे त्या पडलेल्या बाजारभावाने न दाखवण्याची मुभा देणारी, दुरुस्ती मंडळाने १३ ऑक्टोबर रोजी केली. ती कोणताही मसुदा न काढता केली आणि मागील १ जुलैपासून लागू होऊ दिली. दबाव युरोपीय संघाचा होता आणि अमेरिकेच्या नियमांशी बरोबरी हवी हे कारण दिले गेले. पुढे नियम बदलून, अभिप्रायाची मुदत अपवादात्मक परिस्थितीत कमी करता येईल पण रद्द करता येणार नाही, असे ठरवण्यात आले. सुधारणा चांगलीच झाली. मात्र जे घडले त्यासारखी घाई एखाद्या लहान देशाच्या बँका बुडताना झाली असती का, हा प्रश्न विचारण्याचा हक्क त्या देशांना आहे.

म्हणून मंडळाकडून माझी अपेक्षा अशी की मसुद्याचा पंधरा-वीस पानी सारांश निदान प्रमुख भाषांत मसुद्याबरोबरच निघावा आणि १२० दिवस त्या सारांशाच्या प्रसिद्धीपासून मोजावेत. आलेल्या पत्रांची प्रदेशवार विभागणी कर्मचाऱ्यांच्या टिपणात दिली जाते. तिच्या पुढे जाऊन, जिथून पत्र आले नाही अशा कोणत्या प्रदेशांवर या मानकाचा मोठा परिणाम होणार आहे आणि तिथल्या कंपन्यांशी कोण बोलले, हेही त्यात लिहावे. मौन म्हणजे संमती असे धरणे सोयीचे असते, पण लेखापरीक्षक तरी पुरावा नसणे हाच पुरावा मानत नाही. राष्ट्रीय मंडळांनाही सांगणे आहे. देशाच्या वतीने पाठवलेल्या पत्राबरोबर देशातून आपल्याकडे आलेली मतेही त्यांनी जाहीर करावीत, नाही तर लंडनमध्ये जी पारदर्शकता आहे ती राष्ट्रीय राजधान्यांत येऊन संपते, आणि देशाचे मत म्हणजे समितीतील काही जणांचे मत एवढाच अर्थ उरतो.

हा विषय आता आणखी तातडीचा झाला आहे, कारण आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळ ज्या प्रतिष्ठानाच्या अखत्यारीत काम करते, त्याच प्रतिष्ठानाने २०२१ मध्ये शाश्वततेच्या प्रकटनासाठी, म्हणजे हवामानासारख्या विषयांवर कंपन्यांनी जाहीर करायच्या माहितीसाठी, दुसरे मंडळ स्थापन केले. त्याच्या २०२२ मधील पहिल्या दोन मसुद्यांवर १,४०० हून अधिक अभिप्राय आले आणि जून २०२३ मध्ये पहिली दोन मानके निघाली. हवामानाच्या मानकानुसार मोठ्या कंपनीला आपल्या पुरवठादारांच्या उत्सर्जनाचीही माहिती द्यावी लागते, म्हणजे ज्या लहान कारखान्यांना हे मानक थेट लागूच नाही त्यांच्याकडेही ती मागितली जाणार. अशा प्रस्तावांवरचे मसुदे खुले असतात तेव्हा त्यांचा विषय, अंतिम तारीख आणि अभिप्राय कुठे पाठवायचा ही माहिती आपल्या अर्थविषयक पानावर मराठीत चार ओळींत जरी दिलीत, तरी ज्यांना काही सांगायचे आहे त्यांना ते मुदत संपण्यापूर्वी सांगता येईल, अशी विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक सनदी लेखापाल